खोलीच्या बाहेरची कडी

मेलबर्नहून एका बाबांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा मजकूर थोडक्यात देते. मुलगा १५ वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलत नाही, टॅबवरची चित्रं दाबून थोडंफार सांगतो. आता बाबांच्या उंचीला आला आहे. वर्षभरापासून अंगावर धावून येतो, चावतो. आईच्या दंडावर इतके वण आहेत की तिकडच्या जानेवारीतल्या उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. एनडीआयएस, म्हणजे अपंग व्यक्तींच्या आधारासाठी पैसे देणारी ऑस्ट्रेलियाची सरकारी योजना. तिच्या नव्या प्लॅनमध्ये बिहेविअर सपोर्टसाठी, म्हणजे वागणं समजून ते हाताळायला शिकवण्यासाठी, वेगळे पैसे मंजूर झाले. त्या कामाची प्रॅक्टिशनर, म्हणजे तज्ज्ञ, म्हणून एक तरुण मुलगी घरी येऊन गेली. तिने विचारलं, "तो मारायला लागला की तुम्ही काय करता?" बाबा म्हणाले, "शांत करतो." खरं म्हणजे ते त्याला जमिनीवर दाबून धरतात, आणि चार वेळा त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली आहे. कडीही त्यांनीच बसवली. संमतीचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडून आहे. बायको म्हणते सही करा. आजी म्हणतात, शिस्त कमी पडली, दुसरं काही नाही. बाबांना धास्ती आहे की खरं सांगितलं तर मुलगा काढून घेतील. सगळं गुंडाळून पुण्याला परत जावं, असंही मनात येतं. शेवटी ते विचारतात, "एवढ्या पैशांत तो सहा महिन्यांत सुधारेल, की नुसते कागद होतील?"

बाबा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्या मुलासाठी. दुसऱ्या वाचनात जे दिसलं ते आधी सांगते, कारण त्याला ना फॉर्म लागतो ना प्लॅन.

तुम्ही तीन प्रसंग लिहिलेत आणि तिन्हींच्या पुढे "काहीही कारण नसताना" असं म्हटलंत. पहिला गणपतीच्या हॉलमधला, आरतीच्या वेळचा. दुसरा घरी, संध्याकाळी कुकर लागलेला असताना. या दोन्हींत मला झांजा आणि शिट्टी ऐकू आली, ती तुम्हालाही ऐकू येईल. तिसऱ्यापाशी मात्र मी अडले. घरात शांतता, सगळे जेवायला बसलेले, आणि त्याने ताट फेकून आईला चावा घेतला. मग चार ओळी खाली तुम्ही वैतागून लिहिता की हल्ली जेवणाचेही नखरे वाढलेत, तीन आठवडे झाले पोळीला हात लावत नाही, नुसता दहीभात.

दादा, त्याचे दात कुणी पाहिलेत का?

मी डॉक्टर नाही आणि कदाचित दात ठणठणीत असतीलही. पण ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो मुलगा अचानक मऊ खायला लागतो आणि जेवतानाच भडकतो, तेव्हा आधी तोंड उघडून बघायचं, मग कान, मग पोट. बद्धकोष्ठानेही धडधाकट मुलं वाघासारखी होतात. हे काम एनडीआयएसचं नाही, आरोग्यसेवेचं आहे, म्हणून त्यासाठी प्लॅनची वाट बघू नका. या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा. नेहमीच्या दातांच्या दवाखान्यात तो खुर्चीत बसणार नाही असं वाटत असेल तर मेलबर्नच्या रॉयल डेंटल हॉस्पिटलमध्ये विशेष गरजांच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे, जीपीकडे त्याबद्दल विचारा. चांगली प्रॅक्टिशनरही पहिल्याच भेटीत हेच विचारते. तुमच्याकडे आलेल्या मुलीने विचारलं नसेल तर तुम्ही सांगा.

आता कडी.

तुम्ही ती बसवलीत त्या संध्याकाळचं वर्णन वाचून मला तुमचा राग आला नाही. एका खोलीत आजी, स्वयंपाकघरात रक्ताळलेल्या हाताने बायको, आणि समोर तुमच्याच ताकदीचं पोर. माणूस काय करेल! पण आजच स्क्रूड्रायव्हर घ्या आणि ती काढा. आत माणूस असताना बाहेरून बंद केलेल्या खोलीत आग लागली, त्याला फिट आली किंवा त्याने काचेवर हात मारला, तर तुम्ही दाराच्या चुकीच्या बाजूला असाल. त्याऐवजी उलटं करा. तो भडकला की इतरांनी बाहेर पडायचं. आजींनी कोणत्या खोलीत जायचं, बायकोने मागच्या दाराने अंगणात कसं निघायचं, गॅस कोणी बंद करायचा, हे आज रात्री तिघांनी बसून ठरवा. आणि दाबून धरणं. पालथं पाडून, पाठीवर किंवा छातीवर भार देऊन माणसाला धरलं तर त्याचा श्वास कोंडतो आणि त्यात माणसं गेली आहेत. पगारी सेवादात्यांना अशी पकड म्हणूनच मना आहे. घरात शिकवायला कुणी नसतं, म्हणून नेमकी तीच पकड घडते. कुणाच्या जिवावर बेतेल असं वाटलं तर ००० या आपत्कालीन नंबरला फोन करा आणि मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा.

तर खरं सांगायचं का? सांगायचं.

तुमच्या भीतीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. २०१८ सालचे जे निर्बंधांचे नियम आहेत, ते एनडीआयएसकडून पैसे घेऊन सेवा देणाऱ्या संस्थांना लागू होतात. एकट्याला कोंडणं, औषधाने मंद करणं, पट्ट्यांनी किंवा साधनांनी बांधणं, हातांनी धरून ठेवणं आणि फ्रिजला कुलूप लावण्यासारखी वावरावरची बंधनं, अशा पाच प्रकारांवर त्यांना नजर ठेवावी लागते, वागण्याबाबतच्या प्लॅनमध्ये लिहावं लागतं, राज्याच्या नियमाप्रमाणे परवानगी काढावी लागते आणि या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनला कळवावं लागतं. आईबाप म्हणजे नोंदणीकृत सेवादाता नव्हे. तुम्ही ते नियम मोडलेले नाहीत, ते तुमच्यासाठी नव्हतेच. दुसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. ती वेगळी आहे आणि तिथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. काही व्यावसायिकांवर, मूल धोक्यात आहे असं वाटलं तर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी असते. तेव्हा पुढच्या भेटीत तिला सरळ विचारा: "मी काय सांगितलं तर तुम्हाला ते पुढे कळवावं लागतं?" तिने उत्तर द्यायलाच हवं. आणि मग सांगा की कडी होती, काढली, आणि आता काय करावं हे आम्हाला कळत नाही. मदत मागत स्वतःहून आलेला बाप आणि सपोर्ट वर्करला, म्हणजे घरी येणाऱ्या पगारी मदतनिसाला, अचानक कडी दिसलेलं घर, यांच्याकडे एकाच नजरेने कुणी पाहत नाही.

न सांगण्याची किंमतही बघा. तुम्ही "शांत करतो" म्हणालात म्हणजे तिच्या वहीत तुमच्या घराला आधाराची फारशी गरज नाही. तिचा अहवाल तसाच जाईल आणि वर्षभराने तास कमी होतील. आपल्या लोकांची ही खोड आहे. पाहुण्यांसमोर घर आवरतो तसे आपण अधिकाऱ्यांसमोर आयुष्य आवरून ठेवतो. इथे पसारा दाखवायचा असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सहा महिन्यांत सुधारेल का. सहा महिने हा आकडा तुम्ही कुठून उचलला असेल ते मला कळलं. निर्बंध वापरावे लागत असतील तर नियमाप्रमाणे प्रॅक्टिशनरने एका महिन्यात वागण्याबाबतचा तात्पुरता प्लॅन आणि सहा महिन्यांत सविस्तर प्लॅन द्यायचा असतो. (हा प्लॅन वेगळा, एनडीआयएसचा पैशांचा प्लॅन वेगळा.) ती प्लॅन लिहून होण्याची मुदत आहे, मूल दुरुस्त करून देण्याची नाही. आणि "सुधारेल" या शब्दापाशीच मला थोडं थांबायचं आहे. हा प्लॅन नावाने मुलाचा असतो, पण त्यात लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक काम मोठ्या माणसांनी करायचं असतं. कुकरच्या जागी भात पातेल्यात शिजवायचा, हे काम तुमचं. आरतीला पाच मिनिटं उशिरा पोचायचं, किंवा हॉलच्या दारात उभं राहायचं आणि प्रसाद घेऊन निघायचं, हेही तुमचंच. तो बदलेल, पण बहुतेक वेळा घर बदलल्यानंतर. आजींना शिस्त हवीच असेल तर सांगा, पहिली शिस्त आपल्याला लागणार आहे.

मी या क्षेत्रात आले ती रात्रपाळीची सपोर्ट वर्कर म्हणून. चार जण एकत्र राहतात अशा एका घरात माझी पहिली नेमणूक होती. तिथे फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली आमच्या गळ्यातल्या पट्ट्याला. पन्नाशीतले एक गृहस्थ रात्री अकराला फ्रिजपाशी येऊन उभे राहायचे, दार ओढायचे, मग स्वतःच्याच हातावर चापट्या मारायला लागायचे. वहीत रोज लिहिलं जायचं, "रात्री आक्रमक." नवी असल्यामुळे मी विचारलं, कुलूप कशासाठी? कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं की ते आधीच्या एका रहिवाशासाठी लावलेलं होतं, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वीच ते घर सोडून गेला होता. या गृहस्थांना फक्त थंड दूध हवं असायचं.

वागणं म्हणजे काहीतरी मागणं, हे मला त्या दुधाने शिकवलं. प्रॅक्टिशनर जी छाननी करते ती साधारण चार दिशांनी असते. त्याला कशातून तरी सुटका हवी आहे का, कुणाचं लक्ष हवं आहे का, एखादी वस्तू हवी आहे का, की त्या कृतीने शरीरालाच बरं वाटतं? त्यासाठी तिला तुमच्याकडून नोंदी लागतील: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. लांबलचक नको. फ्रिजवर कागद चिकटवा आणि "मंगळ, ६.१०, कुकरची दुसरी शिट्टी, आईचा हात, आजी उठून गेल्या, कुकर बंद" एवढंच लिहा. वेळ नक्की टाका. "नेहमीच", "उगाच", "मुद्दाम" हे तीन शब्द त्या कागदावर येऊ देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. मारलं की शिक्षा म्हणून दोन दिवस टॅब काढून घेता. तो टॅब खेळायचा असता तर गोष्ट वेगळी होती. पण चित्रं दाबून तो ज्यावर बोलतो तोच हा टॅब असेल, तर तुम्ही त्याचं तोंड दोन दिवस बंद करता, आणि मग त्याच्याकडे दातच उरतात. खेळायचा आणि बोलायचा टॅब वेगळा करा. बोलण्याच्या टॅबवर "दुखतंय" आणि "आवाज नको" ही चित्रं पहिल्या पानावर आहेत का तेही पाहा. बहुतेक टॅब शाळेने लावून दिलेले असतात, सगळं इंग्रजीत, आणि घरात मात्र "जेवायला ये", "पुरे आता" चालू. स्पीच पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे वाचातज्ज्ञाला, सांगून त्यात मराठी आवाज भरून घ्या, आजींच्याच आवाजात भरा. म्हणजे आजींनाही एक काम मिळेल. त्यांना मीटिंगला बसवा, दुभाषा मागा. टीआयएस या सरकारी दुभाषा सेवेचा नंबर १३१ ४५० आहे, आणि सेवादात्यानेच त्याची सोय करायला हवी. तुम्ही मध्ये बसून आजींना भाषांतर करून सांगू नका. तुम्ही अर्धं गाळाल.

नुसते कागद होतील, ही शंका मात्र रास्त आहे. मी चाळीस पानी प्लॅन पाहिलेत, ज्यांचं पहिलं पान उलटल्याची खूणही नव्हती. या सेवेचा दर तासाला दोनशे डॉलरच्या वर जाऊ शकतो, आणि अहवाल लिहिण्याचा वेळ, प्रवासाचा वेळ, शाळेशी फोनवर बोलण्याचा वेळ, हे सगळं करारात कबूल केलं असेल तर त्याच तासांतून कापलं जातं. ते पैसेही त्याच कामासाठी बांधलेले असतात, थेरपी किंवा सपोर्ट वर्करकडे वळवता येत नाहीत. म्हणून संमतीच्या फॉर्मआधी सेवेचा करार वाचा आणि विचारा: एकूण किती तास? त्यातले लिहिण्यात किती, प्रवासात किती, आणि आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून आम्हाला शिकवण्यात किती? शेवटचा आकडा फारच बारीक असेल तर तिथेच घासाघीस करा. भाजीवालीशी करतो तशी करू नका, पण करा. आणखी एक मागा: सविस्तर प्लॅनसोबत एका पानाचा मराठी प्लॅन, फ्रिजवर लागेल असा. शाळा आणि सपोर्ट वर्कर यांना त्याची प्रत जायला हवी, नाहीतर घरात एक नियम आणि बाहेर दुसरा होतो.

ती मुलगी तिशीचीही नाही, तिला काय कळणार, असं तुम्ही लिहिलंत. वयाऐवजी दुसरं विचारा. कमिशनने तिला प्रॅक्टिशनर म्हणून मान्य केलं आहे का, आणि ती कोणत्या पायरीवर आहे? कोअर, प्रोफिशियंट, ॲडव्हान्स्ड, स्पेशालिस्ट अशा चार पायऱ्या आहेत. कोअर असेल तर तिच्यावर वरच्या पायरीच्या कुणाची तरी देखरेख असावी लागते. ती कोण, आणि ती व्यक्ती कधी तुमच्या घरी येईल का, हे विचारा. ऑटिस्टिक, न बोलणाऱ्या, किशोरवयीन मुलांबरोबर तिने किती काम केलंय हेही. उत्तरं पटली नाहीत तर सेवादाता बदलता येतो. ती तुमची निवड आहे, मेहेरबानी नाही. तक्रारीसाठी कमिशनचा नंबर १८०० ०३५ ५४४, तोही कागदावर लिहून ठेवा.

औषधाबद्दल थोडं. रात्रीच्या गोळीशिवाय "गरज पडली तर" म्हणून दिलेली दुसरी गोळी सपोर्ट वर्करकडेही देऊन ठेवलीय, असं तुम्ही लिहिता. वागणं आवरण्यासाठीच ती दिली असेल तर सपोर्ट वर्करने ती देणं हा रासायनिक निर्बंध मोजला जातो आणि प्लॅनमध्ये लिहावा लागतो. वर्करला ते माहीत नसेल. प्रॅक्टिशनरला गोळीचं नाव, मात्रा आणि डॉक्टरांनी ती कशासाठी दिली ते सांगा. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नका.

आणि पुणे. मला तुमचा हेवा वाटतो की पुणं अजून मनात "परत जायची जागा" म्हणून आहे. पण तोलून बघा. एनडीआयएसचा कायदा २०१३ चा. आज सात लाखांहून जास्त लोक त्यात आहेत, आणि तो ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी आहे. देश सोडलात की तो मागे राहतो. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ऑटिझम येतो, युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते. पण या योजना भारतीय नागरिकांसाठी आहेत, आणि मुलाचा पासपोर्ट कोणता हे तुम्ही लिहिलं नाहीत. वागण्यासाठी घरी येऊन शिकवणारा, सरकारी पैशाचा माणूस तिथे मिळत नाही. चांगली माणसं पुण्यात आहेत, ती स्वतःच्या खिशातून शोधावी लागतात. "तिथे माणसं आहेत" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर काकू, मावशी आणि पोळ्यांची बाई आहे. पंधरा वर्षांचा, पाच फूट आठ इंचांचा मुलगा चावतो तेव्हा काकू किती दिवस येतील? जायचं असेल तर त्याचं वागणं थोडं समजल्यावर जा, पळून जाऊ नका. पळताना कडीही बरोबर येते.

बायकोबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, बाह्यांची. ती रोज जखम झाकून कामावर जाते आणि घरी आल्यावर पुन्हा तोच हात पुढे करते. केअरर गेटवे म्हणून सरकारी सेवा आहे, १८०० ४२२ ७३७, पालकांसाठी समुपदेशन फुकट. पहिला फोन तिच्यासाठी लावा, दुसरा स्वतःसाठी. आणि तिच्या दंडाचे फोटो तारखेनिशी ठेवा. प्रॅक्टिशनरला ते लागतील, प्लॅनच्या पुढच्या आढाव्यातही लागतील.

क्रम असा धरा. आज कडी काढा आणि कोण कुठून बाहेर पडणार ते ठरवा. उद्या जीपीची वेळ घ्या. फ्रिजवर कागद. मग कराराचे प्रश्न, त्यानंतर सही. सहीला आठवडाभर उशीर झाला तर आकाश कोसळत नाही, पण दोन महिने टेबलावर पडू देऊ नका, मंजूर तासांची मुदत एनडीआयएसच्या प्लॅनबरोबरच संपते.

दातांचं काय निघालं ते मात्र मला कळवा.